दाताच्या रंगाचे फिलिंग किती घट्ट बसते?

दात किडला की ‘चांदी भरून घेणे’ हाच एके काळी सर्वसाधारण उपाय होता. चांदी, कथील व तांबे यांची भुकटी पाऱ्यात कालवून केलेले हे अमाल्गम दिसायला काळपट असले, तरी दाढेत वर्षानुवर्षे टिकत असे. पुढे रुग्णांना दाताच्या रंगाचे फिलिंग अधिक पसंत पडू लागले. पाऱ्याच्या वापराविषयी २०१३ साली झालेल्या मिनामाता करारानेही अमाल्गमचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याची दिशा दाखवली. अमाल्गमची जागा प्रामुख्याने कॉम्पोझिट रेझिनने घेतली. दवाखान्यात रुग्ण विचारतो ते फिलिंगच्या रंगाबद्दल. फिलिंगचे आयुष्य मात्र त्याच्या कडा किती पक्क्या बंद झाल्या आहेत, यावर बरेचसे अवलंबून असते.

फट का पडते?

अमाल्गम दाताला चिकटत नाही. दंतवैद्याने कोरलेल्या खोबणीत ते अडकून बसते. कडेला बारीक फट राहिली, तरी अमाल्गम हळूहळू गंजते आणि त्यातून तयार होणारी द्रव्ये ती फट बुजवत जातात. कॉम्पोझिटमध्ये अशी आपोआप होणारी दुरुस्ती नाही. उलट निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना ते सर्वसाधारणपणे दोन ते तीन टक्के आकसते. आकसणारे रेझिन दाताच्या भिंतीपासून सुटू पाहते आणि सुटले की तेथे फट पडते. ही फट डोळ्यांना दिसत नाही. परंतु किडीस कारण ठरणारे जिवाणू जेमतेम एका मायक्रॉनचे किंवा त्याहूनही लहान असतात. लाळ, अन्नातील साखर व जिवाणू या फटीतून आत झिरपणे, यालाच सूक्ष्म गळती म्हणतात. थंड पाण्याने दात शिवशिवणे, कडेला तपकिरी रेघ उमटणे आणि फिलिंगखाली पुन्हा कीड लागणे, या तक्रारींचा संबंध या गळतीशी जोडला जातो. ती रोखण्याचे काम दात व फिलिंग यांच्यामधील चिकटद्रव्याचा, म्हणजेच बाँडिंगचा, पातळ थर करतो.

एनॅमल सोपे, डेंटिन अवघड

या शास्त्राचा पाया १९५५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे मायकेल ब्युओनोकोर यांनी घातला. धातूवर रंग नीट धरावा म्हणून उद्योगधंद्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत असत. तेच त्यांनी दाताच्या एनॅमलवर तीस सेकंद लावून पाहिले. आम्लाने एनॅमलच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खाचा पडतात, त्यांत पातळ रेझिन शिरते आणि घट्ट झाल्यावर तेथेच अडकून राहते. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असून ते कोरडे करता येते. म्हणूनच एनॅमलवरील जोड आजही सर्वांत भरवशाचा मानला जातो.

एनॅमलखालच्या डेंटिनची गोष्ट निराळी आहे. त्यात सुमारे सत्तर टक्के खनिज असते. उरलेला भाग कोलॅजनचे तंतू व पाणी यांचा असतो. त्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नलिका असून त्यांतील द्रव आतल्या नसेपर्यंत पोचतो. अशा ओलसर पृष्ठभागावर पाण्यापासून दूर पळणारे रेझिन चिकटवायचे असते. जपानमध्ये फुसायामा यांनी १९७९ मध्ये डेंटिनवरही आम्ल लावण्याची पद्धत मांडली. १९८२ मध्ये नाकाबायाशी यांनी दाखवून दिले, की आम्लाने मोकळ्या झालेल्या कोलॅजनच्या जाळ्यात रेझिन मुरते आणि दोहोंचा मिळून एक संकरित थर तयार होतो. काही मायक्रॉन जाडीच्या या थरावरच डेंटिनवरील जोड उभा असतो.

येथे चूक होण्यास फार वाव असतो. आम्ल धुतल्यावर डेंटिन अति कोरडे केले, तर कोलॅजनचे जाळे कोसळते व रेझिन आत शिरत नाही. पाणी जास्त राहिले, तर रेझिन पातळ होते. जाळ्याचा काही भाग रेझिनविना राहिला, की दात पुढे शिवशिवत राहण्याची शक्यता असते.

दोन पद्धती

आज मुख्यतः दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत फॉस्फोरिक आम्ल लावून धुतात व मग बाँडिंग लावतात. एनॅमलसाठी ही उत्तम असली, तरी डेंटिनवर ती कौशल्याची परीक्षा पाहते. दुसरीत चिकटद्रव्यातच सौम्य आम्लधर्मी घटक असतो. तो धुवावा लागत नाही. डेंटिनसाठी ही सोयीची असून शिवशिव कमी होण्याकडे तिचा कल असतो. पण एनॅमलवर तिच्या खाचा उथळ पडतात. म्हणून एनॅमलच्या कडेला तेवढे फॉस्फोरिक आम्ल लावावे आणि आत सौम्य द्रव्य वापरावे, असा मध्यम मार्ग अनेक दंतवैद्य स्वीकारतात. सर्व घटक एकाच बाटलीत असलेली सुरुवातीची द्रव्ये वापरायला झटपट होती. परंतु त्यांचा थर पाणी झिरपू देतो, असे आढळले. वेगवेगळ्या टप्प्यांत लावायच्या जुन्या पद्धतींनी दीर्घकाळ चांगला निकाल दिला आहे.

प्रयोगशाळेत गळती मोजण्यासाठी काढलेले दात भरून त्यांना ५ व ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आळीपाळीने बुडवतात. नंतर ते रंगद्रव्यात ठेवून कापतात आणि रंग किती आत गेला, ते पाहतात. यांतून वारंवार दिसलेली गोष्ट अशी, की एनॅमलवरील कड बहुधा चांगली बंद राहते, तर हिरडीजवळची, एनॅमल नसलेली कड अधिक गळते. मात्र प्रयोगशाळेत रंग झिरपला म्हणून तोंडात कीड लागेलच, असे नाही. तोंडाची स्वच्छता व गोड खाण्याची सवय यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

हा जोड कायम तसाच राहत नाही. रेझिनमध्ये हळूहळू पाणी मुरते आणि डेंटिनमधील स्वाभाविक विकरे उघडे राहिलेले कोलॅजन तोडत जातात. त्यामुळे आज घट्ट असलेली कड काही वर्षांनी सैल पडू शकते.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

जोड होईपर्यंत दात लाळेपासून व रक्तापासून अलिप्त राहणे सर्वांत महत्त्वाचे. त्यासाठी दाताभोवती रबराचा पातळ पडदा बसवतात, किंवा कापसाच्या गुंडाळ्या व लाळ ओढणारी नळी वापरतात. याचा कंटाळा करू नये आणि मध्येच तोंड मिटू नये. कॉम्पोझिट साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थरावर प्रकाश द्यावा लागतो. यात वेळ जातो. तो वाचवण्याचा आग्रह धरू नये.

दुखऱ्या दातात लवंगेचे तेल घातले असल्यास दंतवैद्याला तसे सांगावे, कारण त्यातील युजेनॉल रेझिन घट्ट होण्यात अडथळा आणू शकते. दात नुकतेच ब्लीच केले असतील, तर फिलिंगपूर्वी एक-दोन आठवडे थांबावे लागते. कीड हिरडीखाली गेली असेल व तेथे ओल आवरत नसेल, तर ग्लास आयोनोमर सिमेंटचा पर्याय विचारावा. विल्सन व केंट यांनी १९७२ साली पुढे आणलेले हे सिमेंट दाताला रासायनिक रीतीने चिकटते आणि फ्लोराइड सोडते. चावण्याचा जोर सोसण्यात मात्र ते कमी पडते.

फिलिंगच्या कडेला डाग दिसला, म्हणजे कीडच लागली, असे समजू नये. पुष्कळदा पॉलिश किंवा छोटी दुरुस्ती पुरते. संपूर्ण फिलिंग काढताना दरवेळी निरोगी दाताचाही काही भाग जातो. परंतु नव्या फिलिंगनंतरचा ठणका काही आठवड्यांत न ओसरता वाढत गेला, कडेत अन्न अडकू लागले किंवा धागा फिरवताना तुटू लागला, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. फिलिंगखालची कीड दुखू लागेपर्यंत नसेजवळ पोचलेली असू शकते आणि मग रूट कॅनालशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून दुखत नसले, तरी भरलेले दात ठरावीक काळाने तपासून घेणे आणि गरजेप्रमाणे त्यांचा एक्स-रे काढणे हिताचे ठरते.