वाढलेल्या शहराचे पाळणे कुठे हलले?

‘शहर किती वाढलंय!’ हे वाक्य छत्रपती संभाजीनगरात मी रोज ऐकतो. पण वाढलंय म्हणजे नेमकं काय झालंय? इथे मुलं जास्त जन्मली, की माणसं बाहेरून आली? हे शोधता शोधता मी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या जनगणनेपर्यंत पोहोचलो.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. १८९१ साली शहरात ३३,८८७ माणसं होती, १९०१ साली ३६,८३७. म्हणजे दहा वर्षांत जवळपास नऊ टक्के वाढ. एवढंच वाचलं तर सगळं सुखात चाललं होतं असं वाटेल. आता जिल्ह्याचा आकडा बघा. त्याच दहा वर्षांत तो ८,२८,९७५ वरून ७,२१,४०७ वर आला. लाखाहून जास्त माणसं कमी झाली.

मधे १८९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले होते. दुष्काळातले मृत्यू दिसतात, न झालेले जन्म कुणाला दिसत नाहीत. उपाशी बाईला दिवस राहणं अवघड, राहिले तरी पोर जगणं अवघड. नवरा खडी फोडायला लांब गेलेला, लग्नं पुढे ढकललेली. म्हणून दुष्काळ सरला तरी पुढचं वर्षभर पाळणे रिकामे राहतात.

मग शहर कसं वाढलं? माझ्या मते, नुसत्या जन्मांवर नाही. १८८९ पासून इथे कापड गिरणी होती. १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली आणि सोबत कापसाचे जिनिंग कारखाने आले. शेत ओस पडलं तरी शहरात हाताला काम मिळेल, अशी आशा होती.

मुंबईत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडत होतं. १९०१ च्या मुंबईत दर चार माणसांमागे मुंबईत जन्मलेला एकही पुरता भरत नव्हता. गिरणी कामगारांची बायकापोरं बहुतेक गावीच असत. जी बाई मुंबईत असे, तीही बाळंतपणाला माहेरी कोकणात जाई. जन्माचा खर्च, दाईचे हात, आईची जागरणं हे सगळं गावाने सोसायचं. वाढलेलं पोर मात्र गिरणीच्या भोंग्यावर पळायचं.

२०११ च्या जनगणनेत आपलं शहर पावणेबारा लाखांवर गेलं. वाळूज, चिकलठाण्याच्या कंपन्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत अभ्यास करणाऱ्या पोरांत जालना, बीड, परभणीचे किती भेटतात, हे तुम्हाला माहीतच आहे. कदाचित तुम्हीही त्यांतलेच असाल. आकडा इथे वाढतो, पण त्या प्रत्येकाला लहानाचं मोठं करणारं एक घर तिकडे असतं. पाणी, रस्ते, दवाखाने वाटताना आपण शहराची वाढ मोजतो. त्या घराचा वाटा कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मात्र अजून ठरलेलं नाही.