सार्जंट फ्युरीचा रंग

सन १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी अमेरिकेतील मार्व्हल प्रकाशनासाठी ‘सार्जंट फ्युरी’ ही युद्धचित्रकथा रचली. नायक निक फ्युरी गोरा. त्याच्या तुकडीत गेब जोन्स हा कृष्णवर्णीय सैनिक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील काळ्यागोऱ्यांच्या पलटणी निराळ्या असत. तो भेद मोडण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ साली काढला. कथा अशी इतिहासाच्या पुढे गेली. पण छपाईचे रंग भरणाऱ्यांना ती चूकच वाटली असावी. पहिल्या अंकात जोन्स गोरा छापला गेला! मग खुलासा धाडावा लागला, असे ली सांगत.

२००२ साली ‘द अल्टिमेट्स’ या चित्रकथेत खुद्द फ्युरीच सॅम्युएल जॅक्सन या कृष्णवर्णीय नटाच्या चेहऱ्याने अवतरला. २००८ च्या ‘आयर्न मॅन’ चित्रपटात जॅक्सन यांनीच ती भूमिका केली. तेव्हा रंग बदलल्याचा ठपका एकट्या चित्रपटावर कसा ठेवावा?

१९६३ मधल्याच ‘एन्शंट वन’ या तिबेटी गुरूची गोष्ट मात्र निराळी. २०१६ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’ मध्ये ती भूमिका टिल्डा स्विन्टन या गोऱ्या ब्रिटिश नटीला मिळाली. आशियाई नटांच्या वाट्याला अशा भूमिका मुळातच थोड्या. त्या निवडीवर टीका झाली. आणि आपला निर्णय चुकल्याची कबुली चित्रपटाचे निर्माते केविन फायगी यांनी २०२१ मध्ये दिली.