परम्याची परीक्षा

मराठीत ज्या रोगाला परमा म्हणतात, त्याचे नाव ‘प्रमेह’ म्हणजे मूत्रविकार या संस्कृत शब्दावरून आले असून, गरमी अर्थात उपदंश मात्र व्रणावरून ओळखला जाई. भाषेने केलेली ही वाटणी प्रयोगशाळेनेही फारशी मोडली नाही, कारण परम्याची तपासणी लघवीवर होऊ शकते, तर उपदंशाची आजही प्रामुख्याने रक्तावरच होते.

अशा लैंगिक आजारांच्या तपासणीची गरज कोठे भासते याचे एक उदाहरण म्हणजे भंडारा जिल्ह्यातील तुमसर, तांदळाच्या बाजाराचे गाव. नागपूर–हावडा लोहमार्ग आणि तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी यांमुळे या भागात मजूर व वाहनचालकांची वर्दळ राहिली, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने पुढे स्थलांतरित कामगार व ट्रकचालक यांना संसर्ग सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवू शकणारे ‘सेतू गट’ मानले.

परम्याच्या तपासणीसाठी एकोणिसाव्या शतकात डॉक्टर रुग्णाला दोन पेल्यांत लघवी करायला लावीत आणि पेले उजेडासमोर धरीत: पहिला गढूळ, त्यात पूचे बारीक धागे तरंगणारे, व दुसरा नितळ असेल, तर दाह मूत्रनलिकेच्या पुढच्या भागात आहे असे ठरे. दाह कशामुळे, हे मात्र पेला सांगत नसे. 1879 साली अल्बर्ट नायसर यांनी परम्याचा जंतू शोधला तोही पूमध्ये; लघवीत तो विरळ असल्याने सूक्ष्मदर्शकातून हमखास सापडत नसे.

जंतूचा जनुकीय अंश लाखो पटींनी वाढवून ओळखणारी तपासणी 1990च्या दशकात रूढ झाली, तेव्हा कुठे लघवी भरवशाची ठरली, तीही नमुना नीट घेतला तरच. एरवी जंतुसंसर्गाच्या तपासणीसाठी ‘मधली धार धरा’ असे सांगितले जाते. येथे नेमके उलट, निदान तासभर लघवी न करता पहिल्या धारेचे 20 ते 30 मिलिलिटरच हवे असतात, कारण नलिकेतील जंतू तीच धार धुऊन आणते. पुरुषांत हा नमुना नलिकेतून काढलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो; स्त्रियांत संसर्ग मुख्यतः गर्भाशयमुखात असल्याने लघवीतून 10 टक्क्यांपर्यंत रुग्ण निसटू शकतात, म्हणून योनीतील नमुना सरस. ही उणीव किरकोळ नाही: राणी व अभय बंग यांनी 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या गडचिरोलीच्या पाहणीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले, पण आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या.

लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा’ क्लिनिकांत आजही उपचार बहुधा लक्षणांवरूनच ठरतो. मूत्रनलिकेतून स्राव होणाऱ्याला राखाडी पुडके मिळते, त्यात अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम व सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम, म्हणजे क्लॅमिडिया हा दुसरा लैंगिक संसर्ग आणि परमा या दोहोंवर एकदमच औषध, नेमका आजार कोणता हे न पाहता.