स्पंजचा धडा : १९५२ ची मुंबई, टेबल टेनिसचे रबर आणि उपनगरांतील हौशी खेळाडू

प्रस्तावना

टेबल टेनिसच्या बॅटचे दोन घटक असतात : लाकडी फळी आणि तिच्या दोन्ही बाजूंस चिकटविलेले रबर. फळी वर्षानुवर्षे टिकते. रबर मात्र झिजते आणि ठरावीक काळाने बदलावे लागते. त्यामुळे या खेळातील खरा आवर्ती खर्च रबराचा आहे. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यांतील जिमखाने, क्रीडासंकुले व गृहनिर्माण संस्थांची सभागृहे येथे नोकरी वा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या हौशी खेळाडूंपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो : जागतिक स्पर्धांतील व्यावसायिक खेळाडू वापरतात तेच महागडे रबर आपणही घ्यावे काय? मध्यमवर्गीय कुटुंबात मुलाच्या शिकवणीचे शुल्क आणि रबराची किंमत यांतून एकाची निवड करावी लागते, तेव्हा हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. या प्रश्नाला सात दशकांचा इतिहास असून त्या इतिहासातील निर्णायक घटना मुंबईतच घडली. त्या इतिहासाच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मुंबईतील जागतिक स्पर्धा

फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली. आशिया खंडात ही स्पर्धा भरण्याची ती पहिलीच वेळ होती आणि जपानचा संघही या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. त्या काळी बहुतेक खेळाडू लाकडावर थेट चिकटविलेले दाणेदार रबर वापरीत. चेंडू बॅटवर आदळला की स्पष्ट आवाज होई आणि त्या आवाजावरून प्रतिस्पर्ध्याला फटक्याचा जोर कळे. जपानच्या हिरोजी सातो यांच्या बॅटवर मात्र स्पंजचा जाड थर होता. फटक्याचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला आणि चेंडू अपेक्षेपेक्षा निराळ्या गतीने परतू लागला. विजेतेपदाचे दावेदार समजले जाणारे अमेरिकेचे मार्टी रीझमन त्यांच्याकडून पराभूत झाले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियान यांना नमवून सातो विश्वविजेते झाले. सात विजेतेपदांपैकी चार जपानने मिळविली.

या घटनेतून साधन श्रेष्ठ ठरले की विजय मिळतो, असा निष्कर्ष सहज काढला जातो. पुढील घटनाक्रम मात्र त्यास पुष्टी देत नाही. सातो यांना पुन्हा विश्वविजेतेपद मिळाले नाही. स्पंजची नवलाई ओसरल्यावर प्रतिस्पर्धी त्यास सरावले. याउलट त्यांचेच देशबांधव इचिरो ओगिमुरा यांनी स्पंजच्या गतीला साजेशी आक्रमक शैली व पदन्यास घडविला आणि १९५४ व १९५६ मध्ये विश्वविजेतेपद पटकावले. सातो यांच्या यशात अपरिचित साधनाने प्रतिस्पर्ध्याची केलेली कोंडी मोठी होती. ओगिमुरा यांच्या यशात त्या साधनाचा उपयोग करून घेणारी शैली मोठी होती. हौशी खेळाडूच्या प्रश्नाचे उत्तर या भेदात दडलेले आहे.

नियमन आणि उद्योग

स्पंजवरून झालेल्या वादानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५९ मध्ये रबराचे प्रमाणीकरण केले. केवळ स्पंज निषिद्ध ठरला. स्पंजवर दाणेदार रबर, दाणे बाहेर वा आत वळवून, चिकटविण्यास आणि त्याची एकूण जाडी ४ मिलिमीटरपर्यंत ठेवण्यास मान्यता मिळाली. दाणे आत वळविलेल्या रबराचा गुळगुळीत पृष्ठभाग चेंडूला पकडून फिरकी देतो. आज बहुसंख्य खेळाडू हेच रबर वापरतात. पुढे विशिष्ट सोल्युशन लावून स्पंज फुगविण्याची आणि त्यायोगे गती वाढविण्याची पद्धत रूढ झाली. आरोग्यास घातक अशा बाष्पशील द्रावकांवर सप्टेंबर २००८ पासून बंदी आली. तत्पूर्वीच कारखान्यातच ताण दिलेली रबरे निघू लागली होती. बंदीनंतर त्यांचे महत्त्व वाढले. जी गती पूर्वी सोल्युशनातून मिळे ती आता रबराच्या किमतीत समाविष्ट झाली.

भारतात उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर दीर्घकाळ निर्बंध होते. उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध एप्रिल २००१ मध्ये उठले. पूर्वी दुर्मीळ असलेले परदेशी रबर त्यानंतर सर्रास मिळू लागले. दुर्मीळतेच्या काळात त्यास मिळालेली प्रतिष्ठा मात्र सुलभतेच्या काळातही टिकून राहिली. रबरावरील महासंघाच्या मान्यतेच्या चिन्हासही अनेक पालक गुणवत्तेचे प्रमाणपत्र समजतात. वस्तुतः ते रबर नियमात बसते एवढाच त्याचा अर्थ आहे. माफक किमतीच्या अनेक रबरांवरही तेच चिन्ह असते.

हौशी खेळाडूच्या दृष्टीने

व्यावसायिक दर्जाच्या रबराचे दोन गुण सांगितले जातात : गती आणि पकड. बहुतेक अशा रबरांचा स्पंज तुलनेने कठीण असतो. फटका जोरकस व योग्य वेळी बसला तरच तो पुरेसा दबतो आणि साठविलेली ऊर्जा चेंडूस परत करतो. आठवड्यातून दोनतीन संध्याकाळी खेळणाऱ्याचा फटका बहुधा तेवढा वेगवान नसतो. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तो बव्हंशी निजलेलाच राहतो. पकडीचे तर उलटच घडते. जे रबर आपली फिरकी वाढविते तेच प्रतिस्पर्ध्याच्या फिरकीसही अधिक प्रतिसाद देते. त्यामुळे सर्व्हिस परतविताना बॅटच्या कोनातील किरकोळ चूकही चेंडू जाळीत वा टेबलाबाहेर धाडते.

टिकाऊपणाचाही विचार करावा लागतो. व्यावसायिक खेळाडू रबर थोड्याच काळात बदलतो. हौशी खेळाडू महागडे रबर घेतले म्हणून ते निकामी झाल्यावरही वापरीत राहतो. मुंबईच्या पावसाळ्यात दमट सभागृहातील रबरावर ओलाव्याचा सूक्ष्म थर बसतो आणि पकड कमी होते. तेव्हा महाग आणि माफक रबरांतील अंतर आणखी घटते. मध्यम किमतीचे रबर खेळानंतर पुसून, झाकून ठेवून आणि वेळेवर बदलून वापरणे अधिक हितावह ठरते.

याचा अर्थ रबराची निवड गौण आहे असा नव्हे. गोल्ड कोस्ट येथील २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या मनिका बत्रा यांनी बॅकहँडच्या बाजूस लांब दाण्यांचे रबर वापरले. चेंडूची गती व फिरकी बदलून प्रतिस्पर्ध्याची लय मोडण्याच्या त्यांच्या खेळास ते साजेसे होते. निवडीचा निकष किंमत हा नसून शैली हा आहे, हेच यातून सूचित होते. त्याचप्रमाणे दुकानातील स्वस्त तयार बॅटवरील निर्जीव रबरही शिकणाऱ्यास घातक ठरते, कारण त्यावर फिरकीचा अनुभवच येत नाही. रोज प्रशिक्षण घेऊन राज्य पातळीवर खेळणाऱ्या कुमार खेळाडूस व्यावसायिक रबराची गरज भासू शकते. तो निर्णय प्रशिक्षकाने त्याचा फटका पाहून घ्यावा.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हौशी खेळाडूसाठी व्यावसायिक दर्जाचे रबर सामान्यतः किफायतशीर नाही. १९५२ मध्ये मुंबईत स्पंजने दिलेला लाभ अपरिचयाचा होता आणि अपरिचय टिकत नाही. आज टेबलाच्या दोन्ही बाजूंस तेच रबर विकत मिळते. तेव्हा तो लाभ पैशाने मिळण्याजोगा राहिलेला नाही. ओगिमुरा यांच्याप्रमाणे शैली घडवूनच साधनाचे चीज होते. म्हणून उपनगरांतील कुटुंबाने रबर व प्रशिक्षण यांत निवड करावयाची झाल्यास मध्यम रबर घ्यावे आणि उरलेली रक्कम प्रशिक्षणावर खर्च करावी, हेच या इतिहासाशी सुसंगत ठरते.