डंबेल, मशीन आणि तालमीचे दार

वस्तीतल्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक वाद रंगतो. शरीर कमवायचे तर घरी डंबेल आणि प्लेटा घ्याव्यात, की हप्त्यावर मल्टीजिम मशीन आणावी? एक गट म्हणतो मशीनशिवाय 'कटिंग' येत नाही. दुसरा गट म्हणतो मशीन हे विदेशी खूळ आहे, आपली तालीम, आपले जोर-बैठका, आपले मुद्गल हेच खरे. मला दोन्ही गटांशी भांडायचे आहे. पण आधी दुसऱ्याशी, कारण तो इतिहासाचे नाव घेऊन बोलतो आणि तो इतिहास अर्धाच सांगतो.

'आपली तालीम' म्हणजे नेमकी कुणाची?

पेशवाईच्या अखेरीस पुण्यात व्यायामविद्या भरभराटीला आली, असे आपल्याला शिकवले जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, हे मल्लखांबाच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितले जाते. बरोबरच आहे, सांगावे. पण त्याच बाजीरावाच्या राज्यातल्या तालमीबद्दल आणखी एक साक्ष उपलब्ध आहे आणि ती कोणत्याच व्यासपीठावरून सांगितली जात नाही. ती साक्ष मुक्ता साळवेची आहे. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजाच्या मुलीने चौदाव्या वर्षाच्या सुमारास मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात ती सांगते की बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यासमोरून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याचे मुंडके चेंडूसारखे आणि तलवार दांडूसारखी वापरून खेळ होत असे. तालमीत शिरणे दूरच राहिले, तिच्यासमोरून चालणे हाच गुन्हा होता.

म्हणून कुणी 'आपली प्राचीन व्यायामपरंपरा' म्हणून छाती फुगवली की त्याला एवढेच विचारावे, दाराच्या कोणत्या बाजूने बोलतोस?

या दाराला उत्तर आपल्याच माणसाने दिले होते. लहुजी साळवे. वडील राघोजी 1817 च्या खडकीच्या लढाईत पडले. लहुजींनी पुण्यात गंज पेठेत स्वतःची तालीम उभी केली आणि तिथे दांडपट्टा, निशाणबाजी, कुस्ती शिकवली. ज्यांच्या पूर्वजांना तालमीसमोरून जाता येत नव्हते, त्या समाजातला माणूस वस्ताद झाला आणि त्याच्या हाताखाली इतर जातींची मुलेही शिकली. जोतीराव फुले त्यांच्यातलेच एक. मुक्ता ही लहुजींच्याच नात्यातली. शाळेला मुली मिळत नव्हत्या तेव्हा लहुजी जोतीरावांच्या मागे उभे राहिले, हे विसरू नये. तालीम आणि शाळा त्या काळात एकमेकींच्या शेजारी होत्या. आज आपल्याकडे जिमला जाणारा पोरगा वेगळा आणि अभ्यासिकेत बसणारा वेगळा, अशी फाळणी झाली आहे. ती कुठून आली, हा वेगळ्या लेखाचा विषय.

लष्कराची गोष्ट तीच. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली गेली, त्यांच्याच वंशजांची भरती 1890 च्या दशकात बंद झाली, कारण इंग्रजांना 'लढाऊ जाती'चा सिद्धांत सापडला. छाती तीच, खांदे तेच, फक्त दार लागले. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत या दारावर धडका माराव्या लागल्या. बाबासाहेबांनीही मारल्या. शरीरात कमतरता होती म्हणून आपण मागे राहिलो, हा खोटेपणा इथेच उघडा पडतो.

आता पहिल्या गटाकडे येतो, ज्याला मशीनचे वेड आहे.

व्यायामाचे यंत्र अमेरिकेतल्या पहिलवानांनी काढले असा समज असतो. तसे नाही. गुस्ताव झांडर नावाच्या स्वीडिश डॉक्टरने 1865 साली स्टॉकहोममध्ये आपली संस्था सुरू केली, तिथे ही यंत्रे होती. तरफा, चाके, सरकती वजने, काही तर वाफेवर चालणारी. यंत्र बसल्या रुग्णाचे हातपाय हलवी. पुढे युरोप-अमेरिकेत अशा संस्था निघाल्या आणि आजारी माणसांबरोबर दिवसभर खुर्चीत बसणारा सुखवस्तू वर्ग त्यांचा गिऱ्हाईक झाला. ज्याचे काम शरीराने होत नाही, त्याला कसरत मिळावी म्हणून यंत्र. आपल्या आज्याने झांडरचे यंत्र पाहिले असते तर हसला असता. दिवसभर पोती वाहून आल्यावर कुणी पैसे देऊन तरफ ओढेल का?

आजच्या जिमसारखे यंत्र त्यानंतर खूप उशिरा आले. हॅरॉल्ड झिंकिनने 1957 च्या सुमारास 'युनिव्हर्सल' नावाचे एकाच सांगाड्यावर अनेक व्यायाम करता येणारे यंत्र काढले. घरगुती मल्टीजिम हे त्याचेच धाकटे भावंड. 1970 साली आर्थर जोन्सने 'नॉटिलस' विकायला काढले. त्यात शंखाच्या आकाराचे चाक होते, हात जिथे कमजोर पडतो तिथे ते भार हलका करी आणि जिथे जोर असतो तिथे वाढवी. कल्पना हुशारीची होती. पण तिच्यामागोमाग जाहिरातही आली, की जुने बारबेल-डंबेल आता संपले. ते संपले नाहीत हे आपण पाहतोच आहोत.

सुट्या वजनांचा प्रवास याच्या उलट. आपले मुद्गल आणि जोडी इंग्रज सैनिकांनी इथे पाहिली, उचलून विलायतेला नेली आणि 'इंडियन क्लब' नाव दिले. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये ती फिरवण्याची स्पर्धासुद्धा झाली. 1902 साली फिलाडेल्फियात ॲलन कॅल्व्हर्टने प्लेटा बदलता येणारे बारबेल विकायला सुरुवात केली, त्यामुळे एकाच दांड्यावर आज थोडे आणि महिन्याने जास्त वजन लावणे सोपे झाले. पुढे युजेन सँडो 1904-05 मध्ये हिंदुस्थानात प्रयोग करून गेला आणि त्याच्या डंबेलचे आणि पुस्तकांचे वेड इथल्या शिकलेल्या वर्गात पसरले. म्हणजे 'देशी' काय आणि 'विदेशी' काय, हा वादच पोकळ आहे. लाकूड इथून गेले, लोखंड होऊन परत आले.

आणि शास्त्र? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करातला डॉक्टर थॉमस डिलॉर्म जखमी सैनिकांचे दुबळे पाय सुधारत होता. त्याने पायाला लोखंडी बूट बांधून वजन लावले आणि जसजशी ताकद येईल तसतसे वाढवत नेले. 1945 साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. क्रमाने वाढणारा भार, स्नायू वाढण्याचे मर्म एवढेच आहे. तो भार दांड्याला लागला आहे की पुलीला, हे स्नायूला कळत नाही. सुटी वजने आणि यंत्रे यांची तुलना करणाऱ्या अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण 2023 मध्ये आले, त्यातही स्नायूंच्या वाढीत फरक आढळला नाही. ताकदीत मात्र ज्याचा सराव त्याची ताकद: यंत्रावर मेहनत केलेला यंत्रावर पुढे, डंबेलवाला डंबेलवर पुढे.

मग घरी काय आणावे? माझे मत स्पष्ट आहे, प्लेटा बदलता येणारी डंबेलची जोडी. दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसे झोपतात, तिथे मल्टीजिम उभी केली तर आधी आईची शिवणमशीन बाहेर जाईल. मल्टीजिमची वजनांची रास ठरलेली असते, संपली की संपली. शिवाय पुलीची रचना दुहेरी असेल तर राशीवर लिहिलेल्या आकड्याच्या निम्माच भार हातावर येतो, हे दुकानदार सांगत नाही. डंबेलला पाच-पाच किलो वाढवत नेता येते, खाटेखाली सरकवता येते, शेजारच्या मित्राला देता येते. जड वजन नसेल तरी बिघडत नाही. हलक्या वजनाने पंचवीस-तीस वेळा, अगदी आणखी एक होणार नाही इथपर्यंत केले, तरी स्नायू वाढतो. दोन पायांची बैठक सोपी झाली की एका पायावर करा. जोर सोपे झाले की पाय खुर्चीवर ठेवा.

मशीनची बाजूही खोटी नाही. दुखापतीतून उठणाऱ्याला ठरावीक मार्गाने चालणारे यंत्र सोयीचे पडते आणि एकट्याने व्यायाम करताना अंगावर काही कोसळत नाही. म्हणूनच एक गोष्ट बजावून सांगतो: घरी एकटे असताना आडवे पडून बारबेल छातीवर घेऊ नका. दमल्यावर तो मानेवर येतो आणि उचलायला कुणी नसते. डंबेल बाजूला टाकता येतो. (खालच्या मजल्यावरच्या आजीसाठी तेवढी जाड सतरंजी अंथरा.) घरात मुलगी व्यायाम करणार असेल तर डंबेल आणखीच उपयोगी. जिमच्या वेळा, तिथल्या नजरा आणि फी, तिन्ही टळतात. आणि मशीन हवीच असेल तर ती एका घरात कशाला? विहारात किंवा समाजमंदिरात वर्गणीतून आणा. लहुजींची तालीमही एकट्याची नव्हती.

राहिला खुराक, आणि खरा अन्याय तिथेच आहे. वजन आपल्याला नवीन नाही. पुण्या-मुंबईच्या बाजारात हमालांनी पाठीवर शंभर-शंभर किलोची पोती वाहिली. जागतिक कामगार संघटनेने 1967 सालीच एका पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी 55 किलोच्या मर्यादेची शिफारस केली होती. नुसत्या वजनाने शरीर बनत असते, तर प्रत्येक हमाल पहिलवान झाला असता. त्याच्या वाट्याला वजन आले, विश्रांती आणि अन्न आले नाही. आणि जे स्वस्त सकस अन्न गरिबांच्या ताटात होते, त्यातले बैलाचे मांस 2015 च्या कायद्याने महाराष्ट्रात काढून घेतले. जिमच्या भिंतीवर बदाम-तूप-दुधाचे चित्र लावणाऱ्यांना ही बातमी कधी महत्त्वाची वाटली नाही.

हिशोब असा आहे. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलोच्या पोराला 96 ग्रॅम. चार अंड्यांत सुमारे 24, शंभर ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत सुमारे 50, उरलेली डाळ-भाकरी, हरभरे, शेंगदाणे आणि सुकटीतून निघतात. पावडरचा डबा घ्यायची गरज नाही. दुकानात हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी हा हिशोब घरात एकदा मोठ्याने वाचा. मशीनचा हप्ता ज्या पैशांतून जाणार आहे, त्याच पैशांतून ही अंडीही यायची आहेत.