भामरागडच्या शेजारी बंगाली गावे कशी वसली?

१/ भामरागडच्या वायव्येस, मुलचेरा-चामोर्शी भागात बंगाली गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या या निर्वासितांना प्रवेश कोणत्या निकषावर मिळाला?

२/ १९५६ पासून भारताने स्थलांतर-प्रमाणपत्रे निवडकांपुरती मर्यादित केली: अनाथ, निराधार विधवा, पतीकडे येणाऱ्या पत्नी, ताटातूट झालेली कुटुंबे. प्रमाणपत्र देताना नाते पाहिले जाई.

३/ १९६४ च्या दंगलींनंतर अटी सैल झाल्या. मात्र नव्यांचे पुनर्वसन पश्चिम बंगालबाहेरच होणार, असे ठरले. तेथे व्यवसाय पाहिला गेला. शेतकरी कुटुंबांना दंडकारण्याकडे धाडण्यात आले. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातही वसाहती उभ्या राहिल्या.

४/ नाते की कौशल्य, हा वाद आजही जगभर चालतो. परंतु ज्यांच्या जंगलात या वसाहती व्हायच्या, त्या आदिवासींच्या संमतीची अट दोन्ही निकषांत नव्हती.