‘नाही’ म्हणायची ताकद कुणाकडे?

अमेरिकेत बेसबॉलचा ड्राफ्ट 1965 साली सुरू झाला. ज्या संघाने निवडले, त्याच्याशीच पोराने बोलायचे. दुसरे दार बंद. अशा वेळी अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात एकच हुकूम उरतो: “नाही तर मी कॉलेजला जातो.”

1969 मध्ये बाल्टिमोरने डेव्ह विनफिल्डला निवडले, तेही चाळिसाव्या फेरीत. एकट्या आईने वाढवलेला हा कृष्णवर्णीय मुलगा. त्याने नकार देऊन मिनेसोटा विद्यापीठ गाठले. 1973 मध्ये सॅन दिएगोने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले आणि कनिष्ठ लीगमध्ये न घासता थेट मुख्य संघात उतरवले.

त्याच ड्राफ्टमध्ये पहिला होता ह्यूस्टनचा शाळकरी डेव्हिड क्लाइड. सव्वा लाख डॉलर बोनस! टेक्सासच्या मालकाला गर्दी हवी होती, म्हणून त्याच महिन्यात त्याला मैदानात उभे केले. स्टेडियम भरले, पहिला सामनाही तो जिंकला. पण 1979 नंतर मोठ्या लीगमध्ये दिसला नाही. 18 विजय, 33 पराभव. क्लाइड गोरा होता, पण मालकाच्या गल्ल्यापुढे तेही कामी आले नाही.

तिसरा रॉबिन याउंट शाळेतूनच आला आणि महान झाला, हे मान्य. पण याउंट किती निघतात?

आणि नकार फुकट नसतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेल्याला तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा 21 वर्षांचा होईपर्यंत पुन्हा निवडत नाहीत. शिष्यवृत्त्या म्हणाल, तर वरच्या श्रेणीतल्या कॉलेज संघांनाही कित्येक वर्षे संपूर्ण संघात मिळून 11.7 एवढ्याच वाटता येत होत्या. उरलेली फी गरिबाच्या आईने कुठून भरायची?